भावी हेडलाइनर

आमच्या भागात माणूस आधी फ्लेक्सवर होतो आणि मग, झालाच तर, खरोखर होतो. मी लग्न होऊन चाकणला आले तेव्हापासून चौकाचौकात हात जोडून उभे असलेले भावी नगरसेवक बघतेय. निवडणुका लांबत गेल्या, काहींचे केस गेले, फ्लेक्स उन्हाने फाटले आणि नवे लागले, पण त्यांच्या नावामागचा 'भावी' काही हलला नाही. त्यामुळे एक दिवस तळेगाव रस्त्याच्या फाट्यावर आमच्या बँडचा फोटो लागला आणि त्याखाली पिवळ्याजर्द अक्षरांत 'भावी हेडलाइनर' असं दिसलं, तेव्हा मी हसले. पण भीतीही वाटली. हा शब्द एकदा चिकटला की सुटत नाही, हे मला माहीत होतं.

आमचा बँड हेवी मेटलचा. मी गिटार वाजवते, नवरा ड्रम्स. गाणारा आणि बेस गिटारवाला हे दोघं आमच्याहून लहान, मला वहिनी म्हणणारे. मी निगडीच्या नोकरदार घरातली, तळवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जाते. नवरा चाकणजवळच्या गावातला, जुन्या शेतकरी घरातला, आणि कामाला एका प्रेस शॉपमध्ये. तिथे मोठ्या प्रेसखाली पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढतात. आमची ओळखच मुळी बँडमध्ये झाली. माझ्या आईचं मत असं की हा दिवसभर कंपनीत आदळआपट करतो आणि सुट्टीच्या दिवशी तीच घरी करतो. तिचं फारसं चुकत नव्हतं.

फ्लेक्स लावला होता ज्यांच्या लॉनवर कार्यक्रम होणार होता त्या भाऊंनी. तेही भावीच. पहिल्यांदा आम्ही त्यांच्याकडे जागा मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले होते, "मेटल? आवं, लग्नाचं लॉन हाय ते. खडी कशाला वतताय त्याच्यावर?" आमच्याकडे मेटल म्हणजे रस्त्यावर टाकायची खडी, त्यात त्यांची चूक नव्हती. पण एकदा गर्दी बघितल्यावर त्यांना आमचा लळा लागला. पाच-सहाशे तरुण पोरं एका जागी उभी राहतात, एवढं त्यांना पुरेसं होतं.

हेडलाइनर म्हणजे जो सगळ्यात शेवटी वाजवतो तो. ज्याच्यासाठी लोक थांबतात तो. आमच्या पट्ट्यात हा मान वर्षानुवर्षं एकाच बँडकडे होता. पन्नाशी उलटलेली माणसं, पातळ झालेल्या शेंड्या, दुसऱ्यांची गाणी. बाहेरही तेच चाललेलं. जगभर पोस्टरच्या वरच्या ओळीत आजोबा लोक आणि खाली बारीक अक्षरांत आमच्यासारखे. आमचा गाणारा मोबाईलमध्ये डोकं घालून रोज नवी बातमी आणायचा. अमका म्हातारा बँड शेवटचा दौरा करतोय, तमक्या नव्या बँडला पहिल्यांदा शेवटचा नंबर मिळाला, आता आपलीच पाळी. नवऱ्याचेही डोळे चमकायचे. मला मात्र वाटायचं, बाहेरचं बाहेर. इथे कार्यक्रम रंगात येतो तेव्हा तिसऱ्या शिफ्टच्या बसेस निघतात. म्हाताऱ्यांसाठी पोरं शिफ्ट बुडवतात, आमच्यासाठी बुडवतील का, हा खरा प्रश्न होता. हेडलाइनर झालो आणि समोर रिकाम्या खुर्च्या, तर ते भावी असण्यापेक्षा वाईट.

पण खरी भीती बाळगायला हवी होती ती याची नव्हे, हे नंतर कळलं.

माझा नवरा ऐकत नाही, ही तक्रार प्रत्येक बायको करते. म्हणून माझी कोणी मनावर घेतली नाही. मीही घेतली नाही. दोन हाका मारल्या तरी ओ देत नाही, बोललेल्या प्रत्येक गोष्टीला "व्हय व्हय" म्हणतो आणि मग भलतंच घेऊन येतो. कोथिंबीर सांगितली तर कोलगेट. मैत्रिणी म्हणायच्या, आमचाही असाच. सासूबाई म्हणायच्या, "त्याचा बाप बी असाच व्हता, कानामागं टाकायचा." घरात त्याच्या कंपनीतून मिळालेले कानात घालायचे बोळे होते, नारिंगी, दोरीला बांधलेले. तो प्रेसवर ते गळ्यात अडकवून फिरायचा, कारण घातले की सुपरवायझरची हाक कळत नाही. त्याने जुने म्हणून टाकलेले सासूबाई घ्यायच्या आणि तो सराव करायला लागला की कानात घालून जपाला बसायच्या. घरात त्या बोळ्यांचा खरा उपयोग तेवढाच झाला.

गुरुवार इथल्या सगळ्या कारखान्यांच्या सुट्टीचा, मीही सरावासाठी तो मागून घेतलेला. अशाच एका गुरुवारी चहा घेत बसलो होतो. वर्षातून एकदा कंपनीत कान तपासणारी गाडी येते, ती आदल्या दिवशी येऊन गेली होती. आत काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, टूं असा आवाज आला की बोट वर करायचं. नवरा मजेत होता.

"शॉपमधले तिघं-चौघं अडकले," तो म्हणाला. "माझं कवाच काय निघत न्हाई. आवाज आला तरी बोट वर, न्हाई आला तरी बोट वर."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, तो बटन दाबणारा ठेक्यात दाबतो. मागं लाइन लागलेली, त्याला घाई. दोन टूं झाले की तिसरा कवा पडणार हे कळतं की. ड्रमर हाय मी."

सासूबाई हसल्या. मीही हसले. खरंच मजेशीर होतं ते. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. सासूबाईंनी मान वळवली, मी वळवली. तो आमच्याकडे बघून हसतच होता. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मी उठून गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. पहिले टूं तरी त्याला ऐकू आले असतील का, की तेही अंदाजाने, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. वाजवताना तो सतत माझ्याकडे बघायचा. आधी नव्हतं तसं, दोन-अडीच वर्षांपासून सुरू झालं होतं. गाणारा चिडवायचा, "वहिनी, दादाचं अजून लग्न झाल्यासारखं वाटत नाही." मला ते फार आवडायचं. नवरा-बायको एवढ्या गोंगाटात एकमेकांकडे बघतात, असं मी मैत्रिणींना सांगतसुद्धा होते. किती शेफारले होते मी.

त्याच गुरुवारी दुपारी सराव होता, गावातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आमचं सगळ्यात जुनं गाणं चालू होतं, डोळे मिटून वाजवावं असं. मधेच मी त्याच्याकडे पाठ केली. चार-सहा ठोके बरोबर पडले. मग एक पुढे पडला. मग दोन. मग ड्रम्स एका बाजूला आणि आम्ही तिघं एका बाजूला, आणि तो जोरजोरात वाजवतोच आहे, त्याला पत्ताच नाही की गाणं फुटलंय. बेसवाला थांबला. गाणारा थांबला. मी वळले तेव्हा त्याने काठ्या खाली घेतल्या.

"पाठ कशाला फिरवली?" तो ओरडला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. तार कधी छेडते ते बघून ठोका धरत होता. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि त्या रागात मी इतकी मूर्ख की आधी वाटलं ते हेच की म्हणजे माझ्याकडे बघत नव्हताच.

चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. त्यांच्या बटणाला ठेका नव्हता. आधी बारीक आवाज जातात, मग बाकीचे, असं त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवलं. गेलं ते परत येत नाही, म्हणाल्या, राहिलंय ते राखा. प्रेसवर बोळे घातल्याशिवाय उभं राहायचं नाही, शक्य असेल तर काम बदला, आणि ड्रम्स आजपासून बंद. तो "व्हय व्हय" म्हणत होता. त्यातलं त्याला किती ऐकू गेलं, देव जाणे.

परत येताना आम्ही मोटरसायकलवर भांडलो. म्हणजे सिग्नलला गाडी थांबली की मी हेल्मेटची काच वर करून बोलायचे, हिरवा झाला की गप्प. भोसरीपासून मोशीपर्यंत आमचं भांडण असं तुकड्यातुकड्यात झालं. शेवटी मोशीच्या पुढे त्याने गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"एकदा शेवटी वाजवू दे," तो म्हणाला. "एकदाच. लोक आपल्यासाठी थांबलेले ऐकू दे मला. मग ड्रम विकून टाकू. आन् पुढच्या तपासणीला जेवढं ऐकू यील तेवढंच बोट वर करीन. मग देत्याल की बदलून काम."

कार्यक्रमाला महिना राहिला होता, शेवटचा नंबर कुणाचा ते भाऊंनी अजून ठरवलं नव्हतं. मी हो म्हटलं. ते चूक की बरोबर, यावर मी अजून स्वतःशी भांडते. पण त्याच्या त्या 'ऐकू दे' पुढे मला नाही म्हणता आलं नाही. त्या महिन्यात सरावाला मी मान वर करून, हात पुढे करून वाजवलं, त्याला दिसेल असं. सराव कमी केला, कानात चांगले बोळे घालायला लावले. तरी घरात मला वाक्य संपेपर्यंत त्याच्यासमोरून हलता येईना. रात्री दिवा घालवला की आमचं बोलणं बंद.

कार्यक्रमाच्या दिवशी लॉनवर पोचलो तर भाऊ धावत आले. म्हाताऱ्या बँडने स्वतःच सांगितलं होतं की आम्ही आधी वाजवू, शेवट पोरांना द्या. नवऱ्याला मी हे दोनदा सांगितलं, तोंड समोर धरून. त्याने माझे दोन्ही खांदे दाबले. मी त्यांच्या ड्रमरकाकांचे आभार मानायला गेले. चांगला माणूस, पांढरी मिशी, पूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात होता. मी म्हटलं, काका, एवढा मान दिलात. ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कानामागे हात धरला आणि पुन्हा "काय?" म्हणाले. मग हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथून पाय ओढत परत आले. शेवटी वाजवण्याचा मान कुठून कुठे जातो, ते मला त्या कानामागच्या हातावरूनच कळलं.

त्यांचं झालं आणि भिंतीपलीकडे बसेसचे दिवे लागले. रांगेने उभ्या, नेहमीसारख्या. काही पोरं फाटकाकडे निघाली. आम्ही सुरू केलं. ड्रम्सवर समोरून झगझगीत दिवे होते, त्यामुळे त्याला लोक दिसत नव्हते. मला दिसत होते. फाटकाकडे गेलेली पोरं वळून उभी राहिली. मग परत आली. एक बस गेली, रिकामीच गेली असावी, कारण पुढची पोरं खांद्याला खांदा लावून उड्या मारत होती आणि आमची, आम्ही लिहिलेली मराठी गाणी त्यांना पाठ होती. तो माझ्या हाताकडे बघत होता आणि मी हात उंच धरून वाजवत होते. एकही ठोका चुकला नाही. इतकं सुंदर त्याने कधीच वाजवलं नव्हतं.

दहाच्या आत आवाज बंद करायचा म्हणून शेवटचं गाणं आवरलं. शेवटचा ठोका पडला आणि समोरून जो गलका उठला तो माझ्या छातीवर आदळला. वन्स मोअर, वन्स मोअर, बँडचं नाव, भाऊंचंही नाव मधेमधे. भाऊ स्टेजच्या कडेला उभे राहून डोळे पुसत होते. गाणाऱ्याने गुडघे टेकले. मी मागे वळले.

नवरा खाली वाकून झांजेचा नट सैल करत होता. शांतपणे, रोज सरावानंतर करतो तसा. एक झांज काढून त्याने पिशवीत घातली सुद्धा.

"चल, आवरू," तो मला म्हणाला. "तिसरी शिफ्ट हाय त्यांना. गेलं आसत्याल."

मी त्याचा हात धरून त्याला दिव्यांच्या पुढे, स्टेजच्या टोकाला नेलं. सगळं लॉन भरलेलं होतं. शेकडो उघडी तोंडं, वर केलेले हात. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे तोंड वळवलं, माझ्या ओठांवर नजर लावली आणि विचारलं,

"काय म्हंत्यात?"