भावोजींची टीम खाली गेली

हरण्यासाठी इतके कष्ट घेणारा माणूस उभ्या रत्नागिरीत माझ्या भावोजींशिवाय दुसरा नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेतला, नोकरी सरकारी. तेवीस वर्षांपूर्वी बदली होऊन रत्नागिरीला आले आणि इथलेच झाले. म्हणजे रेशनकार्ड इथलं झालं. जीव मात्र पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमपाशीच राहिला. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलची टीम असते, हे आम्हाला लग्नाच्या बैठकीतच कळलं, कारण मॅचपायी नवरा मुलगा दोन तास उशिरा आला. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून आईने काळजीने विचारलं, "घाटात काही झालं का हो?" तर हे म्हणाले, "घाटात काही नाही. पेनल्टीत झालं."

या टीमने भावोजींच्या हयातीत एकही चषक जिंकलेला नाही. नुसती हरली असती तरी माणूस सवयीने निर्ढावला असता, पण ही टीम ऐंशी मिनिटं अशी काही खेळते की वाटावं, आज जमलं. आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं घालवून बसते. मग भावोजी घरात येऊन पायरीवरच बसतात आणि म्हणतात, "आपण हरलो." आई बिचारी दर वेळी समजूत घालायची, "अहो, तुम्ही इथे होतात. तुम्ही कसे हरलात?" ते फक्त पाणी मागायचे.

रत्नागिरीत सगळा कारभार क्रिकेटचा. त्यामुळे भावोजींचं दुःख वाटून घ्यायला कोणी नाही. मॅचच्या दिवशी ते ऑफिसच्या शर्टाच्या आत टीमचा जांभळा बनियन घालतात. एप्रिलच्या घामात तो रंग शर्टावर उतरतो आणि साहेब विचारतात, बरं नाही का? त्या दिवशी घरात मासे शिजत नाहीत, कारण एकदा सुरमई खाल्ली आणि चार गोल बसले. हल्ली मॅच मोबाईलवर दिसते, पण ताईच्या घरात रेंज नाही. म्हणून भावोजी मागच्या सड्यावर, उंच उघड्या माळावर जातात. भर दुपारी, तापलेल्या कातळावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून हा पन्नाशी उलटलेला माणूस हातातल्या मोबाईलला "डावीकडं दे, डावीकडं!" असं ओरडत उभा असतो. सड्यावरून पायवाटेने येणाऱ्या मासळीवाल्या काकींना पहिल्यांदा वाटलं, याला उन्हाची बाधा झाली. आता त्या लांबूनच विचारतात, "काय ओ भावजी, आजपन हरलाव?" त्यांनी आजवर एकदाही 'जिंकलाव काय' असं विचारलेलं नाही.

गेल्या हंगामात मात्र टीमवर खाली जायची पाळी आली. शेवटची मॅच निदान बरोबरीत सुटली तर टीम वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली जाणार. भावोजींनी दोन दिवस जेवण सोडल्यासारखंच केलं. ताईने मला फोन केला, "यांना एकट्याला सोडू नको बाबा. तू बरोबर जा." मी माझी गाडी काढली. आंबा घाट चढेपर्यंत ते टीमच्या एकेका खेळाडूबद्दल सांगत होते, आणि प्रत्येकाची सुरुवात "पोरगं गुणी आहे, पण" अशी होती.

मैदान खच्चून भरलं होतं. भावोजी मला हाताला धरून त्यांच्या पेठेच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. तिसऱ्या पायरीवर, कडेच्या खांबाजवळ त्यांची लहानपणापासूनची जागा. तिथे विशीतली सात-आठ मुलं ढोल घेऊन बसली होती. त्यांनी थोडं सरकून आम्हाला जागा दिली. खेळ सुरू झाला आणि भावोजी सगळं विसरले. आपल्या एका खेळाडूने सोपा पास चुकवला तसे ते उठून कळवळून ओरडले, "अरे मेल्या, बघतंस काय? खेळ मां!"

ढोल थांबला. मुलं एकमेकांकडे बघून हसली. त्यांतला एक अगदी अदबीने म्हणाला, "पाव्हणं, कोकणातनं आलायसा व्हय? ह्यो आमच्या पेठेचा स्टँड हाय. पाव्हण्यांनी तिकडं बसायचं असतंय."

तेवीस वर्षं आमच्या रत्नागिरीत ज्यांना प्रत्येकाने 'घाटी' म्हणून चिडवलं, ते भावोजी त्या मुलाकडे बघतच राहिले. त्यांनी शर्टाची दोन बटणं सोडून आतला जांभळा बनियन दाखवला. पोरगं चांगलं होतं. "बसा, बसा काका," म्हणालं. पण त्यानंतर भावोजी एकदाही ओरडले नाहीत. मांडीवर हात ठेवून, लग्नातल्या परक्या माणसासारखे, शेवटपर्यंत बसून राहिले. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आमच्याच बचावपटूने चेंडू आमच्याच गोलकीपरकडे मागे दिला, तो बिचारा घसरला, आणि टीम खाली गेली. मुलं ढोलावर डोकं टेकून रडली. भावोजींनी त्यांच्यातल्या एकाच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला.

परतताना साखरप्याला चहा घेतला. भावोजींनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "गोल गेला त्याचं काही नाही रे. तो जाणारच होता. पण मला माझंच बोलणं ऐकू आलं नाही बघ. कधी बदललं?" मी बिस्किटांचा पुडा पुढे केला.

यंदा टीम खालच्या गटात आहे. तिथल्या मॅच कोणी मोबाईलवर दाखवत नाही. भावोजी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. परवा ताईने जेवताना सहज विचारलं, "मग आता कोल्हापूरला जाऊन राहायचं का?"

भावोजींनी आमटीत भात कालवता कालवता मान हलवली. "नको. तिथं राहिलो तर दर मॅच डोळ्यांनी बघायला लागेल. आता सोसत नाही. इथंच बरं आहे."

ताईला बरं वाटलं असावं. तिने त्यांना आणखी भात वाढला. ते जेवले. हात धुऊन आले, टॉवेल दोरीवर नीट पसरला, आणि माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं,

"रविवारी सकाळची पहिली कोल्हापूर गाडी किती वाजता सुटते रे?"