रेस दिली की बंद पडणारी नाव

खडकपूर्णेवर धरण झालं, तेव्हा आमचं गाव वर टेकाडावर आलं आणि निम्मी शेतं पाण्यापलीकडे राहिली. या काठावर उभं राहिलं की तिकडचा फुटलेला कापूस दिसतो. इतका जवळ, की कुणी धोतरं वाळत घातलीत असं वाटावं. पण सडकेनं जायचं म्हटलं तर पाण्याला पुरता वळसा पडतो. कचरूची मजुरांची जीप त्या वळशानं पोचते तेव्हा ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. महामाया हिवाळेची नाव पान खाऊन होईस्तोवर पलीकडे लागते.

महामायाच्या बापाकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन होतं, भाड्यानं द्यायचं. हँडल मारायला बापाला माणूस लागे, आणि घरात माणूस म्हणजे ही एकटीच. लहानपणी तिनं इंजिनाची धकधक ऐकत झोप काढली आहे. लग्न होऊन आमच्या गावात आली आणि बरीच वर्षं सुभद्राबाईच्या टोळीत कापूस वेचत राहिली. मग मासेमारीच्या सोसायटीनं नवी बोट घेतली, तेव्हा जुनी बोट तिनं मागून घेतली. मागे टांगायचं पेट्रोलचं इंजिन दुसऱ्या एका धरणावरून आणलं. सगळ्यांसाठी तरंगायची जॅकेटं आणली आणि पहिल्या दिवशी, ज्या बायांच्या रांगेत ती वाकून वेचायची, त्यांनाच पलीकडे नेऊन सोडलं. त्या दिवसापासून तिची पाठ ताठ आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

यंदा वेचणी सुरू झाली आणि नाव अडायला लागली.

काठाजवळ इंजिन हळू चाले तोवर सगळं ठीक असायचं. बुडालेल्या बाभळींची खोडं ओलांडली की पाणी मोकळं होतं आणि वारा आडवा येतो. तिथं जोर लागतोच. महामायानं रेस दिली की इंजिन एकदा पुढं झेप घ्यायचं, मग घशात घास अडकावा तसं करायचं आणि गप्प व्हायचं. गप्प झालेली भरली नाव वाऱ्याला कूस देते. लाटा आत यायच्या, बाया एकमेकींना धरायच्या, आणि महामाया वल्हं मारत त्यांना काठाला न्यायची. थोडा दम घेतला की इंजिन पुन्हा सुरू व्हायचं, आणि पुन्हा तसंच करायचं.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा लुगडी भिजली तेव्हा पलीकडच्या काठावर उतरून सुभद्राबाई बोलली. तिच्या टोळीत ती बोलते तोच निकाल असतो.

"हे पाह्य महामाया, तू आमची आहेस म्हणून आतापर्यंत बसलो. पण बायाइले लेकरं आहेत. उद्या सकाळी अजून एकडाव बसतो. अर्ध्यात थांबली, तर कचरूची जीप सांगून टाकतो, पार वेचणी सरेपर्यंत."

महामायानं फक्त हो म्हटलं. टोळी गेली तर नावेत बसणारं दुसरं कुणी नव्हतं. नाव काठाला पालथी पडली असती आणि तिला पुन्हा कमरेला ओटी बांधून सुभद्राबाईच्याच रांगेत उभं राहावं लागलं असतं. कष्टाची तिला लाज नाही. पण ज्या रांगेतून एकदा वर उठून उभं राहिलं, तिथं परत वाकणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

बायांना सोडून ती परत आली आणि नाव उथळ पाण्यात बांधून कामाला लागली. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. तळाला पाणी बसलेलं दिसलं नाही. प्लग काढला, काळा होता, घासून बसवला. पेट्रोलची जाळी धुतली. कार्बोरेटर खोलून त्यातली बारीक भोकं फुंकून काढली, एका तारेच्या केसानं साफ केली. टाकीकडून इंजिनाकडे जाणारी नळी बोटांनी चाचपत नेली, कुठं चीर नव्हती. पात्यात जाळ्याचा धागा अडकलाय का तेही पाहिलं. प्रत्येक कामानंतर तिनं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, झाकण नुसतं वर टेकवलं, इंजिन लावलं, बाभळींपर्यंत गेली, रेस दिली. दर वेळी इंजिन ठणठणीत चाललं.

हेच तिला खात होतं. बिघडलेलं इंजिन बिघडलेलं दिसलं तर माणूस त्याला हात घालील. हे एकटीपाशी चांगलं वागायचं आणि बायांपुढं मान टाकायचं. काठावर बसलेल्या किसनरावांनी तिला ऐकवलंही, की इंजिन गड्या माणसासारखं आहे, चार बाया पाहिल्या की लाजतं. किसनरावांचाच कापूस पलीकडे होता, म्हणून त्यांनाही हसून फार चालणार नव्हतं. महामाया म्हणाली, "मंग तुमीच बसा उद्या बायांमंदी. पाहू कोन लाजते तं." किसनराव उठून चालू लागले.

शेवटी तिनं चिखलीला हर्षलला फोन लावला. हर्षलचं तिथं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यानं आधीच सांगून टाकलं की नावेचं इंजिन त्यानं उभ्या जन्मात खोललं नाही. पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की तपासताना दर वेळी काय काय उघडता. तिनं सांगितलं. तो म्हणाला,

"ताई, मंग बंद कसं पडीन? तुम्ही त्याले तसं राहूच देऊन नाही राह्यल्या. आता सकाळी जशी नेता तशीच न्या. टाकी तशीच भरा, तशीच बंद करा. बंद पडली का काहीच उघडू नका. निस्ता हात लावून पाहा."

ऊन कलायला लागलं होतं. तिनं टाकी गळ्यापर्यंत भरली, रोजच्यासारखी बंद केली, बायांच्या वजनाइतके वाळूची पोती नावेत टाकली आणि निघाली. बाभळी गेल्या. रेस दिली. नावेनं झेप घेतली, इंजिनानं आवंढा गिळला आणि सगळीकडे शांत झालं. नुसता पाण्याचा चपचप आवाज.

बंद पडल्याचा तिला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तिनं काही उघडलं नाही. हात लावत गेली. नळीच्या मधोमध पेट्रोल वर ओढायला एक रबरी फुगा असतो. तो एरवी गच्च भरलेला असायचा, आता दोन्ही बाजूंनी चिकटून चपटा झाला होता, उपाशी पोटासारखा. पुढून इंजिन ओढत होतं आणि मागून काही येत नव्हतं. मग तिनं टाकीचं झाकण हळूच सैल केलं. टाकीनं सूं करून लांब श्वास आत घेतला, आणि तिच्या बोटांखाली फुगा भरत आला.

ती तशीच फळीवर बसून राहिली. झाकण गच्च कुणी केलं होतं, तर तिनंच. वेचणीच्या पहिल्याच दिवशी सुभद्राबाईनं टोमणा मारला होता, की हिच्या नावेतून आणलेली भाकर खाल्ली का पेट्रोलचे ढेकर येतात. बायांच्या भाकरींची गाठोडी टाकीला लागूनच ठेवलेली असायची. महामायाला ते फार लागलं. पाहुण्याच्या ताटाला वास यावा तसं. त्याच संध्याकाळी तिनं झाकणावरचा हवेचा स्क्रू पिळून बंद केला, झाकणाखाली प्लास्टिकच्या पन्नीचा तुकडा घातला, लोणच्याच्या बरणीला घालतात तसा. वास गेला आणि त्याबरोबर टाकीत जाणारी हवाही गेली. हळू चालताना कसंबसं निभायचं. जोर मागितला की पेट्रोल येईना. आणि तपासायला म्हणून ती दर वेळी झाकण उघडायची, वर नुसतं टेकवायची, तेव्हा रोग तिच्या हातानंच बरा व्हायचा.

त्या संध्याकाळी बाया जीपनंच घरी परतल्या होत्या. सकाळी टोळी काठावर आली. महामायानं कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, की चूक माझीच होती, भाकरीला वास लागू नये म्हणून टाकी बांधून टाकली होती, आता स्क्रू उघडाच राहील आणि वास येईल.

बाया सुभद्राबाईकडे पाहू लागल्या.

"मले काऊन नाही इचारलं वं?" ती म्हणाली. "भाकर डोक्शावर धरून बसलो असतो."

मग तिनं जॅकेट चढवलं आणि पहिली तीच नावेत बसली, टाकीजवळच, गाठोडं मांडीवर घेऊन. बाकीच्या मागोमाग आल्या. नाव हळूहळू खोडांमधून निघाली. मोकळं पाणी आलं, वाऱ्यानं पदर उडवले. सुभद्राबाईनं एका हातानं फळी घट्ट धरली. महामायानं रेस दिली. इंजिनाचा आवाज चढला आणि चढलेलाच राहिला. नावेचं तोंड उचललं, दोन्ही बाजूंना पांढरं पाणी फाटत गेलं. सगळ्या आवाजाकडे कान लावून होत्या.

अर्धं पाणी मागं पडलं तेव्हा सुभद्राबाईनं फळीवरचा हात काढला.

"अजून दे," ती म्हणाली.

महामायानं अजून दिली. पलीकडे कापसावर दहिवर तसंच होतं. बाया उतरून ओट्या बांधायला लागल्या आणि सुभद्राबाईनं फोन काढून कचरूला लावला. जीप दुसऱ्या कोणाला दे म्हणाली, अन् वाट पाहू नको. मग फोन कनवटीला खोचून ती कापसाच्या ओळीत आपल्या तासाला लागली.