खो ऐकून सुटलेला पाय

मी पेणच्या एका शाळेत खेळ शिकवते, आणि बेसवर कसं पळायचं हे माझ्याइतकं चांगलं या पट्ट्यात कुणी शिकवत नाही, हे मी बिनधास्त सांगते. सॉफ्टबॉलला माझ्याकडे मुली येतात त्या खाडीकडच्या गावांतून, मिठागराच्या बांधावरून चालत वाढलेल्या. मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे बेस शिवत फेरी पुरी केली की एक रन. सुरुवातीला त्या बेसवर काटकोनात वळायच्या, कारण बांध सोडून पाय आत पडला की घरी शिव्या बसतात. ती खोड मोडायला मला अख्खा एक मोसम लागला. बेसच्या अलीकडे जरा बाहेरून यायचं, आतल्या कोपऱ्यावर पाय द्यायचा, अंग आत झुकवायचं आणि वेग न तोडता पुढे. आता अशा वळतात की बघत राहावं.

बेस सोडण्याच्या बाबतीत मात्र मी वेगळंच डोकं लढवलं. या खेळात पिचर खालून हात आणून बॉल टाकते. तो तिच्या हातातून सुटेपर्यंत बेसवरच्या मुलीने बेस सोडायचा नाही. सोडला तर आउट. आमच्या मुली मूळच्या खो-खोच्या. "बॉल सुटताना बघ आणि पळ" असं सांगितलं की त्या बघत बसायच्या. मग मीच बाजूला उभी राहून, बॉल सुटला रे सुटला की "खो!" ओरडायला लागले. पोरी अशा उठायच्या की समोरच्या शाळेचे सर कपाळाला हात लावायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या मोसमात अंतिम सामना रोह्याला होता, रोह्याच्याच एका शाळेशी. बेसवरचे पंच अलिबागहून यायचे होते, ते वडखळच्या नाक्यावर गाड्यांत अडकले. रोह्याचे सर म्हणाले, "बाई, तुम्हीच उभ्या राव्हा. तुम्ही खोटं द्यायच्या नाय." स्तुती कुणाला नको असते? मी पंचांची टोपी चढवून तिसऱ्या बेसमागे उभी राहिले आणि माझ्या जागी ओरडायला नववीतली एक राखीव मुलगी ठेवली.

शेवटचा डाव. आम्ही एका रनने मागे, दोघी आउट, तिसरी आउट झाली की सामना संपला; तिसऱ्या बेसवर आमची कप्तान. ती घरच्या प्लेटला, म्हणजे शेवटच्या बेसला, पोचली तर बरोबरी. जिंकणारा संघ विभागाच्या स्पर्धेला जाणार होता. कप्तान दहावीची, म्हणजे हरलो तर तिचं शाळेचं खेळणं त्याच दुपारी संपणार. विभागासाठी तिने आठवडाभर आधीच बॅग भरून ठेवली होती. मी तिला त्यावरून चिडवलंही होतं.

रोह्याची पिचर हुशार. तोवर ती हात नुसता मागे नेऊन बॉल टाकत होती. या वेळी तिने हात पूर्ण गोल फिरवला, आणि आमच्या राखीव मुलीचा अंदाज चुकला.

"खो!"

कप्तानचा पाय उचलला गेला तेव्हा बॉल अजून पिचरच्या मुठीत होता. मला ते स्वच्छ दिसलं. बहुधा अख्ख्या मैदानात मला एकटीलाच.

मी हात वर करून ओरडले, "डेड बॉल! रनर आउट!" तिला काही ते ऐकू गेलं नाही. बॉल कॅचरच्या मागे गेला होता. ती घसरत प्लेटवर पोचली, दोन्ही हात वर करून उभी राहिली आणि मग तिने वळून माझ्याकडे बघितलं.

आमच्या बाजूचे पालक खवळले. "बाई आपल्या हायेत का त्यांच्या?" असं कुणीतरी मोठ्यानं विचारलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं त्यांनी गिळलं. निर्णय बरोबर होता, आजही बरोबरच आहे.

सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर कप्तान माझ्याकडे आली. गुडघे मातीने भरलेले.

"बाई, माझं काय चुकलं? खो आल्यावर बसून कोण ऱ्हातं?"

तिने पिचरकडे बघितलंच नव्हतं. बघायची सवय मीच लावली नव्हती. डोळ्यांनी खेळायचा खेळ मी तिला तीन वर्षं कानाने शिकवला होता आणि वर मिरवत होते.

"तुझं नाही, माझं चुकलं," मी म्हणाले.

"मग आउट मी का?"

"पाय तुझा सुटला म्हणून."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

"त्या नववीवालीला काय बोलू नका," ती म्हणाली. "ती पन तुमच्याकडनंच शिकली हाय."