चित्रांच्या तंबूतला चिवडा

कढीपत्ता तडतडला आणि त्याचा वास थेट माझ्या स्टुडिओत शिरला. उद्या आर्ट फेअर आहे, म्हणून माझा नवरा सुहास चिवडा करतोय.

न्यू जर्सीतली नोकरी सोडून आम्ही ॲरिझोनात आलो, त्यानंतरचं माझं पहिलं फेअर आठवलं. गॅलरी नाही, एजंट नाही. तंबू ठोकून माझी चित्रं मीच मांडून बसले होते. लोक यायचे, "ब्यूटिफुल" म्हणायचे आणि पुढे जायचे. सुहास मात्र प्रत्येकाच्या हातावर चिवडा ठेवत होता.

"अरे, हे फेअर आहे, दिवाळीचा फराळ नव्हे!" मी चिडले.

"दारात आलेल्याला तसंच पाठवायचं?"

तेवढ्यात हॅट घातलेल्या एका आजींना चिवड्यातल्या तिखटाने ठसका लागला. मी ओशाळून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. घोट घेता घेता त्यांची नजर समोरच्या चित्रातल्या तांबड्या डोंगरावर गेली, ती हलेचना. "माझ्या किचनच्या खिडकीतून अगदी असाच दिसतो," त्या इंग्रजीत पुटपुटल्या आणि चित्र काखेत मारूनच उठल्या. माझं विकलं गेलेलं ते पहिलं चित्र.

तेव्हा मला त्या चिवड्याची लाज वाटली होती. आता सुहास आतून विचारतोय, "तिखट किती घालू गं?"

"पाणी मागतील एवढं!"