घाट उतरताना वाजणारी गाडी

दसरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात माझी गाडी घाट उतरताना वाजायला लागली. चढताना एकदम गुणी. पण उतारावर वळणाआधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की मागं सायलेन्सरमध्ये फट्, आणि जरा थांबून पुन्हा फट्-फट्. पसरणी घाटात पहिल्यांदा हे झालं तेव्हा पुढचा दुचाकीवाला दचकून मागं वळला. मी उगाचच त्याच्याकडे रागानं बघितलं.

गाडी माझ्या वडिलांची. सांगलीत त्या काळी इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी म्हणजे अप्रूप होतं. हिला कार्बोरेटर नाही, किती पेट्रोल सोडायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे साताऱ्याला आली. तिला व्हिंटेज म्हणायचं की नुसतीच जुनी, यावरून नवऱ्याचं आणि माझं अजून पटत नाही. पाचगणीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. रोज सकाळी घाट चढते, संध्याकाळी उतरते, ते हिच्यातूनच.

"दिवाळीपर्यंत नीट झाली तर ठेव," नवरा म्हणाला. "नाहीतर महाबळेश्वरचा तो हॉटेलवाला मागतोय, त्याला देऊन टाकू. घाटात काही झालं तर?"

हॉटेलवाल्याला ती चालवायची नव्हतीच. फाटकाशी उभी करायची, टपावर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडायच्या आणि पाहुण्यांना फोटो काढू द्यायचे, असा त्याचा बेत. वडिलांच्या गाडीची ही गत मी होऊ देणार नव्हते. पण दिवाळी तोंडावर आली होती.

आणि मला एक गोष्ट खुपत होती. हॉटेलवाल्याचे फोन आणि गाडीचा आवाज, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झाले. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी मुळात संशयी आहे. वर्गात एखाद्या मुलानं पटकन बरोबर उत्तर दिलं तर आधी त्याच्या शेजाऱ्याची वही बघते.

पहिला संशय पेट्रोलवर घेतला. दुसऱ्या पंपावर भरायला लागले. फट्-फट् चालूच. मग वाटलं, सायलेन्सर कुठंतरी फुटला असेल. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथंच पेट घेतं, हे मला ठाऊक होतं. रविवारी अंगणात गाडी चालू ठेवली, मागच्या नळीवर ओलं फडकं दाबून धरायला नवऱ्याला बसवलं आणि मी पुढं वाकून कान दिला. इंजिनाला पाइप जोडतात तिथून बारीक फुसफुस ऐकू आली. सापडला चोर, असं वाटलं! गावातल्या गॅरेजमध्ये तिथला जॉइंट बदलून घेतला. सोमवारी घाटात पहिल्याच वळणावर फट्.

त्या संध्याकाळी मी बॉनेटच्या फटीवर रांगोळीची चिमूट टाकून ठेवली. कुणी बॉनेट उघडलं तर ती सांडणार. सकाळी रांगोळी होती तिथंच होती. माझं समाधान झालं नाही. उघडून पुन्हा टाकली असेल, असंही मनात आलं. नवऱ्यानं मला वाकून रांगोळी न्याहाळताना पाहिलं आणि काही न बोलता दूध आणायला गेला. तो काही बोलला नाही, याचासुद्धा मला संशय आला.

सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. त्या कडेगावकडच्या. मी त्यांना आत्या म्हणते, त्यांच्याकडे सासूला तसंच म्हणतात. गाडीबद्दल त्या कधी बरं बोलल्या नव्हत्या. "बाईमाणसानं एवढ्या लांब एकटीनं जायाचं, ते बी असल्या गाडीतनं," हे मी गाडी आल्यापासून ऐकतेय. त्यांचं नाव माझ्या संशयितांत होतं, पण खाली. त्यांना बॉनेट उघडता येत नाही.

शेवटी सुट्टी टाकून गाडी सांगलीजवळ कुपवाडला नेली. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये वडील नेहमी जायचे. आता तिथं दुसरा मालक. त्यानं बॉनेट उघडलं, पुरतं बघितलंही नाही, आणि निकाल दिला.

"मॅडम, हिचा कॉम्प्युटर गेलाय. मिळत न्हाई आता. समदं इंजेक्शन काढून टाकू, कार्बोरेटर बसवू. लय झकास पळंल."

"आणि काढलेलं सामान?"

"त्याचं काय करणार तुमी? ऱ्हाऊ द्या इथंच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मिळत नाही म्हणतोस, आणि मिळालेलं ठेवून घेतोस? बॉनेट आपटून मी गाडी बाहेर काढली.

परत येताना मात्र मी त्याच्यावर चिडायचं सोडून गाडीचा विचार केला. उतारावर पाय काढला की कॉम्प्युटरनं पेट्रोल बंद करायला हवं. म्हणजे न जळलेलं पेट्रोल मागं जायलाच नको. ते जातंय, याचा अर्थ पाय काढलाय हे कॉम्प्युटरला कळतच नाही. मग त्याला ते सांगतं कोण? हवेच्या झडपेपाशी एक छोटा स्विच असतो. झडप पूर्ण मिटली की तो टिक् वाजतो. आणि अलीकडे गाडी नुसती उभी असतानाही जरा जोरात घुरघुरायची, तेही आता लक्षात आलं. मी ते चांगल्या तब्येतीचं लक्षण समजले होते.

घरी पोचल्यावर साडीचा पदर खोचला, इंजिन गार होऊ दिलं आणि झडपेचा दांडा हातानं पुढं-मागं केला. टिक् नाही. पुन्हा केला. नाही. दांड्याच्या मागं, जिथं दिसत नाही तिथं, बोट घातलं तर काहीतरी मऊ लागलं. दोरा. लाल-पिवळा, गाठी मारून दांड्याला गुंडाळलेला, तेलानं काळपट झालेला. त्याच्या जाडीनं दांडा पुरता मागं टेकतच नव्हता. तो सोडवला, दांडा सोडला. टिक्.

हे हातानं केलेलं काम होतं. मी दोरा घेऊन तशीच आत गेले.

"कुणी बांधलं हे?"

नवरा पेपरातून वर बघेपर्यंत आत्या म्हणाल्या, "मी."

"गाडी बंद पडावी म्हणून?" मी तोंडावर विचारलं.

"बंदच पाडायची आसती तर गाठी कशाला मारत बसले आसते? घरात साखरंचं पोतं हाय. वतली आसती वंजळभर टाकीत."

त्या हात पुसत पुढं आल्या.

"देवीचा दोरा हाय, तुला बांधायचा हुता त्यो. घट बसले त्या दिशी तुझ्याम्होरं धरला हुता. तू म्हणालीस, आत्या, मी असलं काय मानत न्हाई, आन् पर्स उचलून गेलीस. रोज घाटानं येतीस-जातीस. मग म्हटलं, तुला न्हाई तर तुझ्या गाडीला. खंडेनवमीला तू शाळंत हुतीस. पूजा झाल्यावर ह्याला इचारलं, तिनं पाय दाबला की आतलं काय हलतं? ह्यानं झाकण उघडून दावलं. त्यालाच बांधला."

"मी बोट दाखवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो," नवरा म्हणाला. "आई तिथं दोरा बांधेल हे मला काय माहीत?"

इतके दिवस मी या घरात राहून सगळ्यांकडे चोर म्हणून बघितलं होतं, आणि आवाज निघत होता माझ्या काळजीपोटी बांधलेल्या गाठीतून. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तो तेलकट दोरा मी त्यांच्या हातात दिला आणि डावा हात पुढं केला.

"बांधा."

आत्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"आत्ता न्हाई. मनापास्नं म्हणतीस का शरमंनं, मला कसं कळायचं? तुझा बी कुणावर इश्वास बसत न्हाई ना लवकर? माझा बी न्हाई."

दोरा घेऊन त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना प्रत्येक वळणावर पाय काढला. मागं काहीही वाजलं नाही. हॉटेलवाल्याला नवऱ्यानं सकाळीच नाही म्हणून कळवलं होतं. मी जिंकले होते, पण कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

घरी आले तर आत्यांनी चहा ठेवला होता. मी बांगडी कोपराकडे सरकवली आणि मनगट त्यांना दिसेल असं टेबलावर ठेवून बसले. त्यांनी ते बघितलं. कप माझ्यापुढं सरकवला, आणि त्या कणीक मळायला गेल्या.