मेंढ्यांचे रोग, खंड दुसरा

मी दुबईला निघाले त्या दिवशी अण्णांनी माझ्यावर शिक्का मारला. कपाळावर नव्हे, डायरीवर. पण रोख माझ्याकडेच होता. आमचे अण्णा म्हणजे माझे वडील, लांज्याजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मुंबईची एसटी सुटायला वीस मिनिटं होती. आई माझ्या बॅगेत आमसुलं आणि कुळथाचं पीठ कोंबत होती, आणि अण्णांनी खिशातून गोंदाची बाटली काढली. डायरीच्या शेवटच्या पानावर त्यांनी वाचनालयाची परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवली, रबरी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि बरोब्बर एक वर्षानंतरची तारीख उमटवली.

"अहो, पोरगी आहे ती, कादंबरी नव्हे," आई म्हणाली.

"बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर परतीची तारीख हवी. नाहीतर ती गहाळ धरतात," अण्णा म्हणाले आणि शाई वाळेपर्यंत डायरीवर फुंकर घालत उभे राहिले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. माझं काँट्रॅक्ट एका वर्षाचं होतं, ते दुसऱ्या वर्षाचं झालं, मग व्हिसासारखंच आपोआप रिन्यू व्हायला लागलं. तारीख जवळ आली की मी फोनवर रीतसर अर्ज करायची: "अण्णा, मुदतवाढ हवी." पलीकडून उत्तर: "दुसऱ्या कुणाची मागणी नाही. एक वर्ष दिली." लग्नाच्या बाबतीतही हीच परिस्थिती असल्यामुळे आई फोन हिसकावून घ्यायची. सुट्टीला गेले की अण्णा राहिलेले शिक्के मारून द्यायचे. तुमच्यापैकी जे गावात राहिलात त्यांना हे विचित्र वाटेल. जे माझ्यासारखे इकडे आलात त्यांना ठाऊक आहे की आपल्या प्रत्येकाच्या घरी असलं काहीतरी असतंच.

मी राहते अल कुसैसला आणि नोकरी करते जुमेरा लेक टॉवर्समध्ये, म्हणजे रोज दुबईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पहिली दोन वर्षं मी मेट्रो आणि लिफ्ट यांच्याबाहेर पाय टाकला नाही. मग ऑफिसात कॉलिन आला. हा साठीचा इंग्रज, उन्हाने कानापर्यंत भाजलेला. त्याच्या गावाकडे म्हणे शनिवारी लोक शेतांच्या बांधावरून सहा-सात मैल चालतात आणि शेवटी गावातल्या शंभर-दोनशे वर्षांच्या पबमध्ये जाऊन बसतात. न चालता पबमध्ये गेलं तर पाप, आणि चालून पबमध्ये नाही गेलं तर वेडेपणा. ही परंपरा त्याने वाळवंटात आणली. थंडीच्या दिवसांत एक शनिवार हत्ताकडच्या डोंगरांत, एक शनिवार क्रीकच्या म्हणजे खाडीच्या काठाने जुन्या बाजारांतून, आणि शेवट दर वेळी बर दुबईतल्या एका जुनाट हॉटेलच्या पबमध्ये. हातात प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद, त्यावर सूचना: "लाल टाकीपाशी डावीकडे वळा. बकऱ्यांकडे दुर्लक्ष करा."

मी पहिल्यांदा गेले ती भिडेखातर. पण गावी शाळेत जायला तीन मैल चढ चढलेले पाय होते, ते खूश झाले. पबचंही हळूहळू अंगवळणी पडलं. काळपट लाकूड, पितळी दिवे, आणि मागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत जुनी जाड पुस्तकं. मी त्या पुस्तकांसमोरच्या बाकावर बसायची आणि अर्धा ग्लास बियर दोन तास पुरवायची.

त्या बाकावरच घोटाळा झाला. एका शनिवारी मी बसलेली असताना अण्णांचा व्हिडिओ कॉल आला, आणि माझं बोट चुकून हिरव्या बटणावर पडलं.

"कुठे आहेस गो? मागे केवढी पुस्तकं!"

आता पोरीने बापाला काय सांगावं? मी म्हणाले, "वाचनालयात."

अण्णांचा चेहरा असा उजळला की पुढची तीन वर्षं मला ते खोटं मागे घेता आलं नाही. दर दुसऱ्या शनिवारी ते मुद्दाम त्या वेळेला फोन करायचे. वर्गणी किती, विचारायचे. मी म्हणायची, जरा जास्त आहे. एवढा गलबला कसा चालतो? इथे शांततेचा नियम नाही. एकदा टीव्हीवर कोणीतरी गोल केला आणि सगळा पब आरडाओरडा करत उठला, तेव्हा मी सांगितलं की व्याख्यान संपलं. "वक्ता चांगला असणार," अण्णा म्हणाले.

मग आई गेली. त्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले, आणि घरात एकटा माणूस आणि तीन कपाटं उरली. मी हट्टाने त्यांना साठ दिवसांच्या व्हिसावर इकडे आणलं. मनात बेत असा की त्यांना इथलं आवडावं, आणि दर थंडीत त्यांनी माझ्याकडे राहायला यावं. बेत तिसऱ्या दिवशीच बारगळायला लागला. अण्णा सातव्या मजल्याच्या खिडकीत उभे राहून खाली कुणी ओळखीचं जातंय का बघायचे. मॉल पाहून म्हणाले, "छान आहे. स्वच्छ आहे." त्यांनी एखाद्या गोष्टीला स्वच्छ म्हटलं की समजावं, तिच्यात दुसरं काही सापडलेलं नाही. रोज सकाळी परतीच्या तिकिटावरची तारीख वाचायची आणि मग मला विचारायचं, "तुझं वाचनालय कधी दाखवतेस?"

मी रंगकाम चालू असल्याचं सांगितलं. मग वाळवी लागल्याचं सांगितलं. वाळवी ऐकून ते मदतीला निघाले, तेव्हा तीही थाप गुंडाळावी लागली. अशात कॉलिनने मला न विचारता त्यांना फोनवर पुढच्या वॉकचं आमंत्रण दिलं, आणि अण्णांनी आपल्या वाचनालयीन इंग्रजीत ते स्वीकारलं.

त्या शनिवारी डोंगर होता. अण्णा छत्री, कापडी पिशवी आणि कोल्हापुरी वहाणा अशा जामानिम्यात आले. कॉलिनच्या बुटांची किंमत त्यांनी विचारून घेतली. "आठशे दिरहम? म्हणजे एकोणीस-वीस हजार रुपये! एवढ्यात माणूस बैलजोडीचं बघतो." पहिल्या अर्ध्या तासात ते सगळ्यांच्या पुढे गेले, दुसऱ्या अर्ध्या तासात दिसेनासे झाले. ते कोरड्या ओढ्याच्या वळणावर एका खजुराच्या बागेत सापडले, बागेतल्या पेशावरी माळ्याबरोबर चहा पीत. त्यांनी चाळीस वर्षं खांद्यावर पुस्तकांची पेटी घेऊन आमच्याकडच्या वाड्यावाड्यांत फिरतं वाचनालय चालवलं होतं, हे मी कॉलिनला सांगितलं. तो धापा टाकत म्हणाला, "युअर फादर इज नॉट वॉकिंग, मेधा. ही इज डिलिव्हरिंग."

परतताना मी गाडीत शेवटची खटपट केली. अण्णांना घरी सोडते म्हटलं, तर कॉलिन म्हणाला, चालल्यावर पब चुकवणं अपशकुनी असतं. तेव्हा गाडी थेट त्या हॉटेलापाशी थांबली.

अण्णांनी पबच्या दारात वहाणा काढल्या. कुणी काही बोलायच्या आत ते अनवाणी, गालिच्यावरून, बारकडे ढुंकूनही न बघता त्या भिंतीपाशी गेले आणि एक पुस्तक ओढलं. ते उलटं लावलेलं होतं. दुसरं ओढलं, तर त्याबरोबर आणखी तीन आली, कारण चौघांना मागून एकच पट्टी चिकटवलेली होती. तिसरं होतं मेंढ्यांच्या रोगांवर, खंड दुसरा. पहिला खंड त्यांनी सगळ्या फळ्यांवर शोधला. तो नव्हताच.

बारमागचा बिजू धावत आला. हा त्रिशूरचा, पबचा मॅनेजर, अत्यंत सज्जन माणूस. "अंकल, ये पढ़ने का नहीं है. ये डेकोरेशन है. मीटर के हिसाब से लिया था."

"मीटरने?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "कापड आहे का गो हे?"

मी मान खाली घातली. त्यांनी भिंतीवरून नजर फिरवत बार बघितला, ग्लास बघितले, टीव्हीवरची फुटबॉलची मॅच बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हे वाचनालय नव्हे."

"नाही, अण्णा."

"तू काय पितेस ते तुझं तू बघ. शहाणी आहेस. पण मी तीन वर्षं गावात सांगत फिरलो की माझी मुलगी तिकडे वाचनालयाची सभासद आहे."

मला तिथेच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जगात कुठल्याही गोष्टीबद्दल अण्णांशी खोटं बोलले असते तर चाललं असतं, आणि मी नेमकी हीच निवडली होती.

दोन दिवस ते माझ्याशी मोजकं बोलले. आता हे परत इकडे पाऊल ठेवणार नाहीत, याची मला खात्री झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना अचानक म्हणाले, "माझी पुस्तकांची पेटी वाड्यांत कुठे ठेवायचो, ठाऊक आहे?"

"शाळेत. आई सांगायची."

"आईला मी तसं सांगितलं होतं. शाळेत मास्तर कुलूप लावून जायचे. पेटी असायची माडीच्या दुकानात. सगळा गाव संध्याकाळी तिथेच जमायचा. लोक एक पेला घेत आणि एक पुस्तक नेत. पुस्तकं वेळेवर परत येत, कारण माणूस दुसऱ्या दिवशी तिथे येणारच." त्यांनी पोह्यांतली मिरची बाजूला काढली. "चाळीस वर्षं तिला कळलं नाही. तुझं तीन वर्षांतच उघडकीस आलं. कच्ची आहेस तू."

मी हसता हसता रडले, आणि त्यांनी माझ्या बशीत पोहे वाढले.

त्यानंतर अण्णांनी त्या भिंतीचं खरंच वाचनालय करायचं ठरवलं, आणि मला बधले नाहीत. अल कुसैसच्या स्टेशनरी दुकानातून गोंद, फूटपट्टी आणि जाड वही आणली, आणि दुपारच्या वेळी, पब रिकामा असतो तेव्हा, ते मेट्रोने एकटे तिथे जायला लागले. बिजूने मालकाकडून परवानगी काढली. चिकटवलेली पुस्तकं वाफेवर सोडवली गेली. प्रत्येकावर नोंदीचा दाखल अंक पडला, आत चिठ्ठी लागली. बिजू कुठूनसा चहा पैदा करायचा आणि बियरच्या मगातून द्यायचा, आणि येणारेजाणारे त्या काठोकाठ भरलेल्या मगाकडे आणि दुपारी दोनला तो संपवणाऱ्या म्हाताऱ्याकडे आदराने बघायचे.

वाचनालय सुरू झालं तेव्हा पहिला सभासद कॉलिन. वर्गणी नाही, मुदत सात दिवस. त्याने एक पुस्तक दोन दिवस उशिरा आणलं, तर अण्णांनी त्याला पुढच्या वॉकला सगळ्यांच्या शेवटी चालायची शिक्षा दिली. स्वतःच्या वॉकमध्ये तो निमूट बकऱ्यांच्या मागून चालला. शनिवारी अण्णा पुढे, छत्रीने दिशा दाखवत. "यल्ला, यल्ला," म्हणत सगळ्यांना हाकायचे. मला वाटलं, जिंकले मी.

शेवटच्या आठवड्यात धीर करून विचारलं, "अण्णा, पुढच्या थंडीत याल ना?"

"छे गो. एकदा पाहिलं, खलास," ते म्हणाले. "घर बंद ठेवून किती दिवस राहायचं? तिथे आईची तुळस आहे." मी त्यांच्या परतीच्या तिकिटावरची तारीख वाचली.

विमानतळावर मी त्यांच्या बॅगेत खजूर कोंबत होते आणि मनात एसटी स्टँड होता. अकरा वर्षांपूर्वी मागे राहणारे ते होते. त्या दिवशी त्यांनी गोंद का आणला होता, ते मला आता कळलं. नुसतं उभं राहून कुणाला जाऊ देणं हे फार अवघड काम आहे, हाताला काहीतरी लागतं. माझ्याकडे शिक्का नव्हता. मी म्हणाले, "उपाशी राहू नका," आणि ते आत गेले.

दोन शनिवार मी वॉकला गेले नाही. तिसऱ्या शनिवारी कॉलिनने ओढून नेलं, क्रीकच्या काठाने, अब्रा नावाच्या होडीतून पलीकडे, आणि शेवटी पबमध्ये. त्याला पुस्तक परत करायचं होतं आणि ग्रंथपाल आता मी होते, म्हणून मी देवघेवीची वही उघडली. शेवटची नोंद अण्णांच्या वळणदार अक्षरात होती. सभासदाचं नाव: त्यांचं स्वतःचं, पूर्ण. पत्ता: लांज्याजवळचा. पुस्तक: मेंढ्यांचे रोग, खंड दुसरा. परतीची तारीख: डिसेंबरचा पहिला शनिवार.

मी वही मिटली, परत उघडली. आमच्या गावात औषधालासुद्धा मेंढी नाही. आणि चाळीस वर्षांत अण्णांनी कुणाचंही पुस्तक एक दिवस थकवलेलं नाही.

मी तिथूनच, त्याच बाकावरून, व्हिडिओ कॉल लावला. अण्णा पडवीत बसले होते. मांडीवर तो जाडजूड ग्रंथ उघडा होता आणि नाकावर चष्मा.

"कुठे आहेस गो?" त्यांनी विचारलं.

"वाचनालयात," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्या मागच्या फळ्या नीट निरखून घेतल्या. "ती जागा रिकामी ठेव," ते म्हणाले. "मी आणतोय परत."

तुम्ही मला नेहमी विचारता, तुझं घर आता नक्की कुठलं, इकडचं की तिकडचं. माझी डायरी अण्णांच्या शिक्क्यांनी भरलीय आणि इथल्या एका वहीत त्यांच्या नावापुढे तारीख आहे. आम्ही दोघंही एकमेकांकडे थकबाकीत आहोत, आणि मला तरी घर म्हणायला एवढं पुरतं. बिजूने त्या रिकाम्या जागेवर फुलदाणी ठेवली होती. मी ती उचलून बाजूला केली.