रामटेकेभाऊ आणि सालबर्डीचं पाणी

माणूस भेटला की आपण त्याचं तोंड पाहतो. रामटेकेभाऊ कोपर पाहत. बडनेऱ्याला ते रेल्वेत बॉयलर फिटर होते, मी नवा बुकिंग क्लार्क. पहिल्याच भेटीत त्यांनी तिकिटाच्या खिडकीतून माझा हात धरला, बाही वर सारली आणि खुशीत म्हणाले, "अरे बाबू, तू तं आपल्याच बिरादरीतला निघाला!" मग स्वतःची बाही वर केली. तेच लाल चट्टे, तेच पांढरे खपले.

त्यांची ही खुशी मला मुळीच आवडली नाही. चट्टे उठल्यापासून माझ्या सासऱ्यांनी महारोगाची धास्ती घेतली होती. बायको बाळंतपणाला चांदूर रेल्वेला माहेरी गेली ती गेलीच. मुलगा सहा महिन्यांचा झाला तरी ते तिला पाठवायला तयार नव्हते. डॉक्टर सोरायसिस म्हणाले होते, पण ते सासऱ्यांना पटेना. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. मुलाला पाहायला जायचो तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो.

भाऊ दर हिवाळ्यात पंधरा दिवस रजा काढून सालबर्डीच्या गरम झऱ्यावर न्हायला जात. त्या वर्षी मलाही ओढत नेलं. भाऊ छप्पन साली बौद्ध झालेले. तिथल्या महादेवाकडे निघालेल्यांना हसून सांगत, "तुमी देवाले भेटा, मी पान्याले भेटतो."

पाण्याला गंधकाचा वास. पहिल्याच दिवशी मी गुपचूप साबण लावून थंड पाण्यानं पुन्हा अंघोळ केली. भाऊ असे तापले म्हणून सांगू! "काहून धुतलं बे? मलम लावून कोनी पुसून टाकते काय?" त्यांचं सारं शहाणपण बॉयलरमधून आलेलं. म्हणायचे, "खाऱ्या पान्यानं इंजिनात धरलेला खपला मी काढतो, माया आंगावरचा हे पानी काढते. खपला पुन्ना धरतेच, बाबू. म्हनून काय इंजिन भंगारात टाकाचं?" भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझे चट्टे अजून येतात-जातात आणि त्यांचं मला फारसं काही वाटत नाही, ते या बोलण्यामुळेच.

तेव्हा मात्र वाटत होतं. पंधरा दिवसांत खाज गेली, कातडी मऊ झाली, झोप लागू लागली. पण चट्टे फिके होऊन तिथंच राहिले. सासऱ्यांना दाखवायचं काय? मी रडकुंडीला आलो. "मी येतो संगं," भाऊ म्हणाले.

चांदूरला सासरे ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला बसले. शाळामास्तर माणूस, चेहरा परीक्षेचा. भाऊंनी सरळ सदरा काढून पाठ दाखवली.

"गुरुजी, वीस वर्सं झाले याले. घरात बायको हाय, चार लेकरं हायेत. कोनाले डाग नाई."

भाऊंनी सदऱ्याला गुंडीऐवजी लावलेली पिन काढली आणि मला कळायच्या आत माझ्या कोपरावरच्या चट्ट्यात टोचली. मी "आई गं!" करून ओरडलो.

"आयकलं? महारोगाच्या डागाले टोचलेलं समजत नाई. याले समजलं."

सासरे उठून जवळ आले. पिन मागून घेतली आणि दुसऱ्या चट्ट्यात स्वतः टोचून पाहिली. मी पुन्हा ओरडलो. मग त्यांनी शांतपणे माझी बाही आणखी वर सरकवली.

दाराआडून हसू फुटलं. बायको बाहेर आली, वडिलांच्या हातातली पिन तिनं काढून घेतली आणि मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं. माझे हात सवयीनं मागेच होते.

"धरा नं," ती म्हणाली, "पडंन तो."

मी त्याला दोन्ही हातांनी धरलं.